गोगलगायींचं झाड आणि सतरा ऑक्टोबर

सतरा ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता लाइट गेली आणि माझं झाड मेलं.

अंगणातलं झाड नव्हे. अंगणातलं असतं तर पाणी घालून जगवलं असतं! माझं झाड कॉम्प्युटरच्या पोटात वाढत होतं. आमच्या पूर्वेकडच्या डोंगरांत रंगीत गोगलगायी सापडतात... पिवळ्या, शेंदरी, काळ्या पट्ट्यांच्या. त्यातल्या तीनशे बारा गोगलगायींचा डीएनए मी पाच वर्षं चिखल तुडवत गोळा केला होता. कोण कुणाची सख्खी, कोण चुलत, कुणाची फांदी कधी फुटली, हे कॉम्प्युटरने शोधून काढायचं. तो एक झाड मांडतो, ते कितपत पटतंय ते मोजतो, एक फांदी इकडची तिकडे लावतो, पुन्हा मोजतो. असं कोट्यवधी वेळा. आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या एकुलत्या एका दणकट मशीनला या कामाला एकोणीस दिवस लागायचे.

एकोणीस दिवस! आणि आमच्या सान्तियागो शहरात सलग एकोणीस तास लाइट राहिली तर लोक शेजारी जाऊन विचारतात, काय झालं हो, सगळं ठीक ना?

त्या दिवशी अकरावा दिवस होता. आधीचे दहा दिवस लाइट गेली की विभागाच्या जनरेटरने तारलं होतं, त्या दिवशी त्याचं डिझेल संपलं ते संपलंच. बॅटरीने वीस मिनिटं दम धरला, मग मशीनचा पंखा कण्हत कण्हत थांबला. मी दाराला लाथ मारली. खोटं कशाला सांगू, दोनदा मारली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सतरा तारखेवर लाल पेनाने एवढी मोठी फुली काढली की कागद फाटला.

दुपारी लाइट आली तशी मी डिस्क उचलली आणि मैदान ओलांडून कॉम्प्युटर विभागात गेले. तिथे म्हणे एक नवीन मशीन जोडत होते. हवं तर पाया पडेन, नाहीतर भांडेन, असं ठरवूनच गेले होते. खरं सांगायचं तर भांडायचंच ठरवलं होतं.

खोलीत कुणीच नव्हतं. तरी रीत ती रीत. पावाची रांग असो, बसची असो, आम्ही आधी शेवटचं कोण ते विचारतो, त्याच्यामागे आपला नंबर धरतो, चेहरा लक्षात ठेवतो आणि मग खुशाल सावलीत जाऊन बसतो. मी दारातूनच ओरडले, "शेवटचं कोण?"

उत्तर नाही.

"शेवटचं कोण आहे इथे?"

शुकशुकाट. म्हणजे पहिलीही मी आणि शेवटचीही मीच. मी खुर्ची ओढली, ऐसपैस बसले आणि डिस्क लावायला वाकले, तर टेबलाखालून आवाज आला, "उंऽऽ..."

मी किंचाळलेच. टेबलाखालून आधी एक चप्पल आली, मग पाय, मग बराच वेळ नुसता शर्टच येत राहिला. एवढा उंच मुलगा त्या टेबलाखाली मावला कसा कोण जाणे. त्याने तोंडातून चार स्क्रू काढून तळहातावर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, "शेवटचा मी."

"मग विचारलं तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"बोललो की. दोनदा 'उं' म्हणालो."

"'उं' हे काय उत्तर झालं?"

"तोंडात स्क्रू असले की एवढंच येतं."

"बरं! शेवटचे तुम्ही, तर पहिलं कोण?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. "पहिलाही मीच."

झालं! माझा बांध फुटला. अकरा दिवस, पाच वर्षं, तीनशे बारा गोगलगायी, लाइट, बॅटरी, माझा मे महिन्यातला व्हायवा, आणि टेबलाखाली दडून माणसांची टिंगल करणारी मुलं... सगळं एका दमात त्याच्या अंगावर ओतलं. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी येतं, ही माझी जुनी खोड. त्यामुळे राग आणखी वाढतो. तो मात्र माझ्याकडे बघत उभा राहिला, हातात चार स्क्रू घेऊन, पापणीसुद्धा न लववता.

माझं संपल्यावर म्हणाला, "एकोणीस दिवस? शुद्ध वेडेपणा आहे."

"काय म्हणालात?"

"हे काम चार तासांचं आहे."

तुम्हाला सांगते, कुणी माझ्या आईला शिवी दिली असती तरी इतकी चिडले नसते. ज्या कामात माझी पाच वर्षं गेली, ते काम चार तासांचं? मी डिस्क काखेत मारली आणि निघाले.

"नाव तरी सांगा!" तो मागून म्हणाला. "मी ओस्निएल."

"तुमचं विचारलं नव्हतं!" मी म्हणाले. मग चार पावलं गेल्यावर... का कोण जाणे... वळून म्हणाले, "दामारिस."

*

त्या रविवारी सकाळी तो आमच्या दारात! हातात वही, शर्ट इस्त्रीचा, भांग ओला.

"पत्ता कुणी दिला?"

"तुमच्या सोराइदा मॅडमनी. म्हणाल्या, जा, पण जपून जा."

सोराइदा मॅडम म्हणजे माझ्या गाइड. त्यांचा हिशेब मी नंतर चुकता केला. तोवर आईने त्याला आत घेऊन खुर्चीत बसवलं होतं, कॉफीची छोटी कपबशी हातात दिली होती आणि टेबलावर तांदळाची रास ओतून शेजारच्या कारिदादमावशीला हाकही मारली होती. रविवारचे तांदूळ निवडायचे होते. नवीन मुलगा घरात आलाय म्हटल्यावर कारिदादमावशी एका हाकेत येते. एरवी तीन लागतात.

"हं, समजवा आता," मी म्हणाले. "एकोणीस दिवसांचे चार तास कसे होतात ते. आणि मला अडाणी समजू नका."

त्याने वही उघडली. मग मिटली. मग तांदळाच्या राशीकडे बघितलं.

"हे सगळे तांदूळ एकट्या आई निवडणार असतील तर किती वेळ?"

"तास तरी," आई म्हणाली. "खडेच खडे असतात मेले."

"आई हुशार आहेत. खडाही ओळखतात, किडाही ओळखतात, मधेच उठून भाजीचं मीठही बघतात. तुमचं आत्ताचं मशीन असं आहे. फार हुशार, पण एकटं." त्याने राशीचे चार ढीग केले आणि एकेक आमच्या पुढ्यात सरकवला. "आता बघा. प्रत्येकाने फक्त खडा काढायचा. दुसरी अक्कल चालवायची नाही. माझ्या ढिगाला तुमच्या ढिगासाठी थांबायला लागत नाही. लागतं का?"

"नाही," मी नाइलाजाने म्हणाले.

"ग्राफिक्स कार्ड म्हणजे असे हजारो हात. खेळांमधली चित्रं रंगवायला केलेले, अक्कल बेताची. पण तुमच्या गोगलगायींच्या डीएनएमध्ये अक्षरांच्या हजारो जागा आहेत. झाड किती पटतंय हे प्रत्येक जागेपाशी वेगळं मोजता येतं. एक जागा दुसरीसाठी थांबत नाही. मग रांग कशाला लावायची? सगळ्या एकदम मोजू. शेवटी फक्त बेरीज."

कारिदादमावशी म्हणाली, "पोरगं समजावतं छान. लग्न झालंय का रे?"

"मावशी!"

"विचारलं तर काय बिघडलं? रांग आहे का, ते बघत होते."

ओस्निएलचे कान लाल झाले. मीही मान खाली घातली आणि भराभर तांदूळ निवडायला लागले. मला पटलं होतं, हीच चिडायची गोष्ट होती. इतकं सोपं, आणि पाच वर्षांत मला कुणी सांगू नये? माझ्या आणि त्याच्या ढिगाच्या मधे एक करडा खडा होता. मी बोट पुढे केलं, त्यानेही केलं... आणि दोघांनीही मागे घेतलं नाही. क्षणभरच. मग त्याने विचारलं, "गोगलगायींचं... म्हणजे... त्या सगळ्या इतक्या रंगीत का असतात?"

"ते माहीत नाही. पण प्रेमात पडण्याआधी त्या एकमेकींना बाण मारतात, हे माहीत आहे."

"बाण?"

"चुन्याचा. टोकदार. खरोखरचा. अंगात घुसतो."

"दुखत असेल."

"दुखायलाच हवं," मी म्हणाले.

"मग सतरा तारखेला मला लागला तो कसला होता?" तो तांदळाकडे बघत पुटपुटला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आईने मात्र ऐकलं, कारण दुपारी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

*

पुढचे सहा महिने ओस्निएलने माझ्यासाठी प्रोग्राम लिहिला. कार्ड त्याच्या एवेलिओमामाचं. मामा मुलींच्या पंधराव्या वाढदिवसांचे व्हिडिओ बनवतो; आमच्याकडे ते लग्नाएवढ्या थाटात होतात. फुगीर झगे, गुलाबी धूर, मुलगी जिन्यावरून उतरतेय... ते सगळं त्या कार्डावर. सोमवार ते बुधवार कार्ड गोगलगायींचं, गुरुवारपासून वाढदिवसांचं. बुधवारी दुपारी मामा स्वतः पिशवी घेऊन न्यायला यायचा.

एकोणीस दिवसांचे सहा दिवस झाले. सहाचे दोन. एके दिवशी झाड इतकं भलतं आलं की गोगलगायीची सख्खी बहीण तुलनेसाठी घेतलेली शिंपली निघाली, तेव्हा मी त्याला दिवसभर 'शिंपले' अशी हाक मारत होते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही, बहुतेक भांडतानाच झालं असावं. तो स्क्रीनकडे बघत भाकरीएवढ्या पावात पेरूची वडी आणि चीज घालून खायचा, आणि अर्धा पाव न विचारता माझ्याकडे सरकवायचा. मी न विचारता खायचे. पण बोलायचा मात्र फक्त प्रोग्रामबद्दल! मला वाटायचं, हा काही बोलेल... आज बोलेल... छे! 'आज दोन टक्क्यांनी वेग वाढला' म्हणे. त्या दोन टक्क्यांचं मी लोणचं घालू?

एप्रिलच्या शेवटी गणित तीन तास चाळीस मिनिटांवर आलं. आमच्या भागाला सकाळी आठ ते बारा लाइट असायची. झाड पहिल्यांदाच लाइटमध्ये जन्मून लाइटमध्येच पुरं झालं.

आता माझ्या व्हायवाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं अडलं होतं ते तिथे. माझ्याकडे एक गोगलगाय होती. माइसी गावाजवळच्या एकाच घळीत सापडणारी, फिकी, पांढुरकी, एकच तपकिरी रेघ. डॉ. बाल्दोमेरो किआला यांनी तीस वर्षांपूर्वी तिला 'नेहमीच्याच जातीचा फिकटलेला नमुना' म्हणून मोडीत काढलं होतं. माझं म्हणणं, ही वेगळी आहे, हिची स्वतःची फांदी आहे. आणि परीक्षक कोण? डॉ. बाल्दोमेरो किआला! वर्षभरापूर्वी त्यांनी माझा व्हायवा एकदा परत पाठवला होता. 'दोन स्वतंत्र गणितं, वेगवेगळ्या सुरुवातीची. दोन्ही जुळली तर या, नाहीतर येऊ नका.' दुसऱ्यांदा परत गेले असते तर माझी संशोधनाची जागा गेली असती. सहा वर्षं पाण्यात.

तेव्हा मी गणित दोनदा चालवलं. एका सोमवारी, मग पुढच्या सोमवारी. हे गणित म्हणजे फासे टाकत चालल्यासारखं असतं. कुठली फांदी हलवायची ते फाशावर ठरतं, आणि फासे कसे पडणार ते सुरुवातीला दिलेल्या एका आकड्यावर. त्याला बीज म्हणतात. पहिल्यांदा मी पाच टाकला, दुसऱ्यांदा आठ. दोन वेगळी बिजं म्हणजे दोन वेगळे साक्षीदार. दोन्ही साक्षी जुळल्या. नुसत्या जुळल्या नाहीत, दोन्ही आलेख एकमेकांवर असे बसले की एकच रेघ दिसावी. घळीतली माझी फिकुटली दोन्हीकडे स्वतंत्र फांदीवर. सोराइदा मॅडमनी माझा गालगुच्चा घेतला आणि प्रबंध छापायला गेला.

व्हायवा गुरुवारी होता. मंगळवारी दुपारी मी भाषणाची तयारी करत होते, आणि शेवटचा आकडा वहीत उतरवताना हात थांबला. पहिल्या गणिताचा आकडा दशांशानंतर सहा घरांपर्यंत... आणि दुसऱ्याचाही तोच. सहाव्या घरापर्यंत तोच! एका फांदीवरच्या दोन गोगलगायींचे पट्टेसुद्धा असे जुळत नाहीत.

मी ओस्निएलचा प्रोग्राम उघडला. दोन तास ओळ न् ओळ वाचली. आणि सापडलं. मी टाकलेला पाच, मी टाकलेला आठ, प्रोग्राम दोन्ही नुसते ऐकून घेत होता आणि सोडून देत होता. बीज आतच पक्कं लिहून ठेवलं होतं.

1710.

सतरा, दहा. मी मान वर करून कॅलेंडरकडे बघितलं. ऑक्टोबरचं ते फाटलेलं पान मी अजून उलटलंच नव्हतं.

*

मैदान मी धावतच ओलांडलं.

"हे काय आहे?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "तपासताना टाकलं होतं. दर वेळी तेच फासे पडले तर चूक सापडते. काम झालं की काढायचं असतं... दामारिस, मी काढायचं विसरलो!"

"म्हणजे माझे दोन साक्षीदार एकच माणूस आहे! टोपी बदलून दोनदा आला!"

"हो."

"आणि परवा मी बाल्दोमेरोसमोर उभी राहणार होते! 'दोन स्वतंत्र गणितं' म्हणणार होते! माझ्या तोंडून खोटं गेलं असतं, ओस्निएल!"

"मी समितीला सांगतो. चूक माझी आहे, लेखी देतो."

"काही नको. मुखपृष्ठावर नाव माझं आहे." मला धाप लागली होती. "आणि हा आकडा? जगात एवढे आकडे पडलेत! एक, दोन, तीन... तुला हाच बरा सापडला?"

तो टेबलावरचे स्क्रू उगाच ओळीत लावायला लागला.

"माझ्या सहा वर्षांच्या कामात तू चिठ्ठी लपवून ठेवलीस?"

"चिठ्ठी नव्हती." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "आकडा टाकायचा होता. मला दुसरा कुठला आठवेनाच..."

काय बोलावं मला सुचेना. मला, दामारिसला! एकीकडे त्याचा गळा दाबावासा वाटत होता आणि दुसरीकडे... जाऊ दे. मी दार आपटून निघाले आणि थेट सोराइदा मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं ऐकलं. चष्मा काढला. मग दार लोटून घेतलं. "हे बघ पोरी, आलेख कुणी सहा घरांपर्यंत तपासत नाही. व्हायवा होऊ दे. नंतर शांतपणे दुसरं गणित चालव आणि जोडून टाक. उत्तर तेच येणार आहे ना?"

"तेच येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दामारिस, जागा जाईल तुझी."

"जाऊ दे! तीस वर्षांपूर्वी एका माणसाने न तपासता ठोकून दिलं, म्हणून तर मी सहा वर्षं भांडतेय. आता मीही तेच करू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" मी इतक्या जोरात बोलले की कॉरिडॉरमध्ये दोघं थांबली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटलं असावं. मलाही वाटलं, पण माफी मागायला वेळ नव्हता.

1710 चं गणित खोटं नव्हतंच, फक्त एकटं होतं. त्याला खरा जोडीदार हवा होता. हातात बुधवारची सकाळ, आठ ते बारा. तीन तास चाळीस मिनिटं.

*

बुधवारी मी पावणेआठला पोचले तेव्हा तो आधीच तिथे होता. ती ओळ काढलेली, डोळे लाल. आठ वाजता लाइट आली.

"बीज?" त्याने विचारलं.

"तोंड तिकडे कर."

त्याने वळून भिंतीकडे तोंड केलं. मी आकडा टाकला, वर तळहात ठेवला आणि गणित सुरू केलं.

नऊ. दहा. अकरा. बाहेर ढग भरून आले होते आणि खोलीत नुसता घाम. अकरा वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली.

चाळीस मिनिटं आधी! आमच्या वाट्याची चाळीस मिनिटं! मी खिडकीतून त्या अख्ख्या वीज खात्याचा उद्धार केला. समोरच्या गच्चीवरच्या बाईने कपडे काढता काढता मला साथ दिली. बॅटरीच्या जोरावर ओस्निएलने मशीन नीट बंद केलं.

"दर दहा मिनिटांनी साठवून ठेवतंय," तो म्हणाला. "सतरा ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा मी तेच लिहिलं होतं. काही मेलेलं नाही. लाइट आली की तिथूनच पुढे."

"आणि आजच्या दिवसात आलीच नाही तर?"

"तर उद्या मी तुझ्याबरोबर उभा राहीन. बाल्दोमेरोंना म्हणेन, हा बघा गाढव."

बाराला एवेलिओमामा पिशवी घेऊन हजर झाला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारी एका पोरीचा पंधरावा आहे, आई तिची मला फाडून खाईल." मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि पोर्चमध्ये बसला. "थांबतो मी. पण गोगलगायींसाठी नाही हं."

पाऊस कोसळायला लागला. आम्ही दोघं जिन्यावर बसलो, मधे शेंगदाण्यांचा एक पुडा. पागोळ्यांचं पाणी पायावर उडत होतं. मी पाय मागे घेतला नाही.

"सहा महिने," मी म्हणाले. "सहा महिने तू मला टक्के सांगत होतास. हे बोलायला काय तोंडात स्क्रू होते?"

"त्या दिवशी तू समोर उभी होतीस," तो पावसाकडे बघत म्हणाला. "केस सुटलेले, हातात डिस्क, डोळ्यांत पाणी... आणि तू गोगलगायींसाठी भांडत होतीस. मला वाटलं, ही कुणासाठी अशी भांडली तर त्या माणसाला आयुष्यात काय कमी पडेल? मग वाटलं, असल्या मुलीला सांगायचं तर आधी काहीतरी करून दाखवायला हवं. चार तासांचं काम चार तासांत..."

"आणि करून काय दाखवलंस?"

"माती खाल्ली."

मला हसू आलं. मी ते दाबायला शेंगदाणे तोंडात टाकले आणि ठसका लागला. त्याने पाठीवर हात ठेवला. ठसका थांबला, हात तिथेच राहिला.

"मी अजून चिडलेली आहे," मी सांगून ठेवलं.

"माहीत आहे."

"फार चिडलेली आहे."

"हो. कळतंय."

पोर्चमधून मामा खाकरला.

पावणेचारला अख्ख्या गल्लीतून आरोळी उठली, "आऽली!" आम्ही जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. सव्वाचारला झाड पुरं झालं.

फिकुटली स्वतःच्या फांदीवर होती. तिच्या वेगळेपणाची खात्री पहिल्या गणितात शंभरात सत्त्याण्णव, दुसऱ्यात शहाण्णव. जुळलं, पण माणसांसारखं जुळलं, थोडं इकडेतिकडे. मात्र चौथ्या प्रकरणात मी मोठ्या ऐटीने लिहिलेली दुसरी एक फांदी कोसळली. एकीकडे त्र्याण्णव, दुसरीकडे चौसष्ट. मॅडम म्हणाल्या होत्या, उत्तर तेच येणार. नव्हतं आलं! मी लाल पेन काढलं आणि छापलेल्या प्रबंधातली अकरा पानं स्वतःच्या हाताने खोडली.

*

गुरुवारी दहा वाजता हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत आई आणि कारिदादमावशी पंखे हलवत बसल्या होत्या. ओस्निएल दाराशी उभा. सुरुवातीलाच मी चूक काय झाली, कशी सापडली, अकरा पानं का गेली ते सांगितलं. सोराइदा मॅडम जमिनीकडे बघत होत्या, पण मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून हलकेच डोकं हलवलं.

डॉ. बाल्दोमेरो उठले. पांढराशुभ्र सदरा, हातात माझा प्रबंध. फिकुटलीबद्दल एक शब्द नाही! थेट शेवटचं पान, जिथे मी दोन्ही बिजं लाल पेनाने दुरुस्त केली होती.

"पहिल्या गणिताचं बीज 1710. दुसऱ्याचं 2210. हे कुठून आले?"

"कुठलाही आकडा चालतो, सर."

"कुठलाही चालतो हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही निवडलात. उत्तर बघून आकडे निवडले नाहीत, हे मी कसं मानू? सांगा, हेच का?"

तुम्हीच सांगा, काय करायचं? तीस वर्षांपूर्वी या माणसाने माझ्या गोगलगायीला एक प्रश्न विचारला नाही, आणि आज भर सभेत मला हा प्रश्न! माझ्या कानांतून वाफ निघाली.

"ठीक आहे, सर. विचारलंत तर ऐका! सतरा ऑक्टोबरला लाइट गेली, माझं अकरा दिवसांचं गणित मेलं, आणि त्याच दुपारी मी एका मुलाशी रांगेवरून भांडले. ते बीज त्याने टाकलं, मला न विचारता. ती चूक होती, आत्ताच सांगितली."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी दाराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलताच आलं नसतं.

"आणि बावीस ऑक्टोबरला... तो मुलगा आमच्या घरी आला आणि त्याने माझ्या आईचे तांदूळ निवडले. हे बीज मी टाकलं. निकाल बघायच्या आधी, आणि ही चूक नाही. पुढचा प्रश्न!"

मग कारिदादमावशीने टाळी वाजवली आणि अख्खा हॉल हसायला लागला. बाल्दोमेरो हसले नाहीत. त्यांनी प्रबंधाची पानं उलटली, फिकुटलीचं चित्र शोधलं, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "या घळीत मी गेलो नव्हतो," ते हळूच म्हणाले. "पाऊस होता त्या वर्षी." आणि खाली बसले. सह्या झाल्या.

मी बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये अभिनंदन करणाऱ्यांची रांग. आई, मावशी, मॅडम, मैत्रिणी. मॅडमना मी आधी मिठी मारली आणि परवाच्या आवाजाबद्दल माफी मागितली. एकेक करत सगळे पुढे गेले. तो मात्र लांब खांबापाशीच उभा होता, कान लालभडक. इतक्या लोकांसमोर मी सांगून मोकळी झाले, आणि हा खांबाला टेकून! मला पुन्हा राग यायला लागला.

तेवढ्यात तो सरळ झाला, रांगेच्या टोकाशी आला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "शेवटचं कोण?"

रांगेत आता कुणीच उरलं नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

"पहिलं कोण?"

"पहिलीही मीच! काही हरकत?"

"काही नाही," ओस्निएल म्हणाला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मग मी तुझ्यामागे. पण मी सावलीत जाऊन बसणार नाही, इथेच थांबेन. कितीही वेळ लागू दे."

"चार तासांचं काम आहे," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला.